पाळीआधीचे दिवस : न मोजलेल्या दिवसांचा इतिहास



'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. दुखणं सोसवत नाही आणि सांगवतही नाही, अशी ती अवस्था. आजचा आपला विषय त्याच जातीचा आहे. पाळी येण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत अनेक स्त्रियांना जो त्रास होतो, ज्याला आता सगळे 'पीएमएस' म्हणतात, त्याचा इतिहास आपण बघणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकलो आणि शिकवलं. त्यामुळे औषधाची चिठ्ठी इथे मिळणार नाही. आम्हाला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एखाद्या त्रासाला त्रास म्हणून मान्यता मिळते, ती कुणाच्या शब्दावर मिळते? आणि ती मिळायला इतका उशीर का लागतो?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकणं सोपं जाईल. पाळीचे तीन-चार दिवस आपण हजारो वर्षं मोजत आलो. त्यांच्या आधीचे दिवस मात्र कुणी मोजलेच नाहीत. ज्या दिवशी ते मोजायला सुरुवात झाली, त्या दिवशी या दुखण्याचं निदान शक्य झालं. आणि आजही, इतकी यंत्रं आणि चाचण्या आल्यानंतरही, त्याचं निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. ते होतं त्या स्त्रीने स्वतः लिहिलेल्या रोजच्या नोंदीवरून.

आता मागे जाऊ. सुश्रुतसंहितेत आर्तवाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंत सांगितला आहे. निरीक्षण किती बारकाईचं होतं बघा, आजही तो हिशेब फारसा चुकत नाही. त्याच ग्रंथाच्या शारीरस्थानात रजस्वलेने तीन दिवस कसं वागावं याचे नियम आहेत. दिवसा झोपू नये, रडू नये, काजळ घालू नये, नखं कापू नयेत, वगैरे. पण हे नियम कशासाठी? तर पुढे जे मूल होईल त्याच्यात दोष येऊ नये म्हणून. म्हणजे त्या तीन दिवसांतसुद्धा लक्ष त्या बाईकडे नाही, होणाऱ्या मुलाकडे आहे. आणि गणना सुरू होते ती रक्तस्रावाच्या पहिल्या दिवसापासून.

पुढे याच तीन दिवसांचा विटाळ झाला. तो विटाळ सगळ्यांनी निमूट मानला असंही नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी तो नाकारला. शरीराच्या इतर द्वारांतून जसं काही बाहेर पडतं तसंच हेही, यात कसला आलाय विटाळ, असा त्यांचा साधा युक्तिवाद होता. चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी अभंगातून विचारलं, की विटाळावाचून जन्मलेला देह कुणी दाखवावा. आपल्या परंपरेतले हे दोन आवाज फार मोलाचे आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. विटाळ मानणारे असोत की नाकारणारे, सगळा वाद त्या तीन दिवसांचाच होता. आधीच्या दिवसांवर वाद नाही, नियम नाही आणि त्यांना नावही नाही.

नाव नव्हतं म्हणून त्रास नव्हता का? होता की. छाती जड होणं, अंगावर सूज वाटणं, डोकं ठणकणं, कंबर भरून येणं, झोप न लागणं किंवा झोपच झोप येणं, कारण नसताना रडू कोसळणं, साध्या बोलण्यावरून भडका उडणं, हे सगळं शरीर करतच होतं. फक्त ते दिवसांच्या नावावर जमा न होता बाईच्या नावावर जमा होत होतं. ती तापट, तिचा स्वभाव कजाग, तिच्या अंगात येतं, ती नेहमीचीच रडकी. जे महिन्यातून ठरावीक दिवसच येतं आणि जातं, त्याला आपण तिचा कायमचा स्वभाव ठरवून टाकलं. तर्कशास्त्रात याला मोठी चूक म्हणतात. आगंतुक गुणाला स्वरूप मानण्याची चूक.

आता आपल्या मुंबईत येऊ. १८८६ साल. त्या वर्षी कामा रुग्णालय सुरू झालं, खास स्त्रियांसाठी. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. विषय योग्यच होता, कारण बाळंतपणात बायका मरत होत्या आणि त्यांना वाचवणं हे पहिलं काम होतं. पण त्यातून एक सवय पडली. बाईचं वैद्यक म्हणजे बाळंतपणाचं वैद्यक. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून इथे मुलुंडपर्यंत जुन्या वस्त्यांतून फिरून बघा. जिथे तिथे 'मॅटर्निटी होम' अशी पाटी दिसेल. बाळ होण्याची सोय होती. बाळ नसतानाच्या साडेतीनशे दिवसांची सोय कुठे होती?

या सवयीला एका माणसाने मुंबईत धक्का दिला. रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. शरीराबद्दल मराठीत सरळ बोलायचं, वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायची, हा त्यांचा बाणा. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली पुन्हा झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या दुसऱ्या खटल्यात आक्षेप कशाला होता? वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांना! लोकांनी विचारलं आणि कर्व्यांनी सांगितलं, हाच गुन्हा.

आता गंमत बघा. ज्या १९३१ साली कर्वे मुंबईच्या कोर्टात उभे होते, त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फ्रँक नावाच्या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. पंधरा स्त्रियांची माहिती त्यात होती. पाळीच्या आधी सात-दहा दिवस कमालीचा ताण, अस्वस्थता, आणि पाळी सुरू झाली की सुटका. फ्रँक यांनी त्याला 'पाळीपूर्व ताण' असं नाव दिलं. कारण काय, तर स्त्री-संप्रेरक अंगात फार साचतं. उपाय काय, तर ते बाहेर काढायचं, आणि फारच त्रास असेल तर बीजांडांवर क्ष-किरण सोडून पाळीच थांबवायची. त्याच वर्षी कॅरेन हॉर्नी या मनोविश्लेषकांनीही याच ताणावर लिहिलं, पण त्यांनी कारण मनात शोधलं. म्हणजे जन्मल्याबरोबर या दुखण्याचे दोन पालक भांडायला लागले. एक म्हणे हे शरीराचं, दुसरा म्हणे हे मनाचं. हे भांडण पुढे साठ-सत्तर वर्षं चाललं.

दुसरं साल १९५३. लंडनच्या डॉक्टर कॅथरिना डाल्टन या घरोघरचे रुग्ण बघणाऱ्या साध्या डॉक्टर होत्या. त्यांना स्वतःला पाळीच्या आधी अर्धशिशी व्हायची. गरोदरपणात ती थांबली, आणि तिथे त्यांना शंका आली. मग आपल्या रुग्णांमध्ये त्या हेच शोधू लागल्या. दमा, फिट, डोकेदुखी, रडू येणं, कुणाला काय तर कुणाला काय. लक्षणं वेगवेगळी, पण तारखा सारख्या. मे १९५३ मध्ये रेमंड ग्रीन या डॉक्टरांबरोबर त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि 'प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. हे ग्रीन म्हणजे कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांचे थोरले बंधू, आणि एव्हरेस्टच्या १९३३ च्या मोहिमेत गेलेले गिर्यारोहक. आणि इकडे? त्याच १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये कर्वे गेले, नोव्हेंबरच्या अंकानंतर 'समाजस्वास्थ्य' बंद झालं. तिकडे दुखण्याला नाव मिळालं, आणि इकडे ज्या पानावर ते नाव मराठीत छापून आलं असतं ते पान मिटलं. इतिहासात असे चुकामुकीचे प्रसंग फार.

डाल्टनबाईंचा उपाय होता प्रोजेस्टेरॉन. ते भरपूर द्यायचं. तीस-चाळीस वर्षं जगभर हा उपचार चालला. पण १९९० साली अमेरिकेत नीट चाचणी झाली, प्रोजेस्टेरॉनची तुलना नुसत्या दिसायला तशाच, निष्क्रिय औषधाशी केली, तेव्हा दोन्हींत फरक दिसला नाही. म्हणजे बाईंचं औषध टिकलं नाही. पण त्यांची पद्धत टिकली. रुग्णाच्या हातात तक्ता द्यायचा आणि तिने रोज खूण करायची. औषधापेक्षा हा तक्ता मोठा शोध होता, असं आम्हाला वाटतं.

का, ते सांगतो. आपल्या न्यायशास्त्रात कार्यकारणभाव ठरवायची एक रीत आहे, अन्वय आणि व्यतिरेक. जिथे हे असतं तिथे ते असतं, हा अन्वय. जिथे हे नसतं तिथे तेही नसतं, हा व्यतिरेक. नुसत्या अन्वयावर विसंबलं की काकतालीय न्याय होतो. कावळा बसला आणि फळ पडलं, म्हणून कावळ्याने फळ पाडलं म्हणायचं. आता पाळीच्या आधी चिडचिड झाली हा अन्वय. पण पाळी संपल्यावरच्या आठवड्यात ती चिडचिड नव्हती, हा व्यतिरेक सिद्ध झाल्याशिवाय ते पीएमएस नव्हे. हे फार महत्त्वाचं आहे. पाळी येऊन गेल्यानंतरही उदासी तशीच राहत असेल तर कदाचित ते नैराश्य असेल. थकवा तसाच राहत असेल तर थायरॉइड असेल किंवा रक्त कमी असेल. आपल्या देशात प्रजननवयातल्या अर्ध्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे सरकारी पाहणीच सांगते. म्हणून चांगल्या दिवसांची नोंद वाईट दिवसांच्या नोंदीइतकीच लागते. डॉक्टर मंडळी किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात ती यासाठी.

आणि आठवून सांगितलेलं का चालत नाही? कारण आठवण आपल्याला जे अपेक्षित असतं तेच दाखवते. १९७७ साली डायन रुबल यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. सगळ्याजणी पाळीपासून साधारण सारख्याच अंतरावर होत्या. काहींना सांगितलं, की तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आली आहे. काहींना सांगितलं, अजून बराच अवकाश आहे. ज्यांना पाळी जवळ आली असं सांगितलं, त्यांनी अंग जड होणं, दुखणं वगैरे तक्रारी जास्त सांगितल्या! यावरून काही लोकांनी लगेच निकाल दिला, की म्हणजे हे सगळं मनाचे खेळ. पण प्रयोगातून तेवढं निघत नाही. निघतं ते इतकंच, की समजुतीचा रंग सांगण्यावर चढतो. म्हणून रोजच्या रोज, तारखेची समजूत मधे न आणता लिहिलेली नोंद पाहिजे.

शरीर की मन या भांडणाचा निकाल १९९८ साली बऱ्याच अंशी लागला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांची बीजांडं औषधाने तात्पुरती शांत केली. ज्यांना पीएमएसचा त्रास होता त्यांतल्या अनेकींचा तो थांबला. मग त्यांना संप्रेरकं पुन्हा दिली. त्रास परत आला. तीच संप्रेरकं तशाच पद्धतीने ज्यांना कधी त्रास नव्हता अशा स्त्रियांना दिली. त्यांना काहीच झालं नाही. म्हणजे काय? संप्रेरक जास्त असतं असं नाही. ते दोघींत सारखंच असतं, पण एकीचा मेंदू त्याच्या चढउताराला वेगळा प्रतिसाद देतो. एकाच पावसात एकाला सर्दी होते, दुसऱ्याला होत नाही, तसं समजा. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्ननोलोन नावाचा पदार्थ बनतो, एरवी शांत करणारा. काहींच्या बाबतीत त्याच्या चढउताराचा परिणाम उलटा होतो, असं आज मानतात. यात मनाचा दुबळेपणा नाही आणि शरीराचा दोषही नाही. दोन शरीरांतला फरक आहे, इतकंच.

आता नावाची दुसरी बाजू. नाव मिळालं की सगळं भलंच होतं असं नाही. १९८०-८१ साली इंग्लंडमध्ये दोन खुनाच्या खटल्यांत आरोपी स्त्रियांच्या बाजूने पीएमएसचा मुद्दा मांडला गेला आणि शिक्षा सौम्य झाली. आपल्याकडे १९८१ सालच्या एका प्रकरणात, मुलांना विहिरीत ढकलल्याचा आरोप होता, राजस्थान उच्च न्यायालयाने २०१८ साली आरोपी स्त्रीला याच मुद्द्यावर निर्दोष सोडलं. एका स्त्रीला न्याय मिळाला असेल, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्याच्या मनात काय राहिलं? बाया महिन्यातले आठ दिवस वेड्या असतात! १९८७ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमपुस्तकात याच्या तीव्र प्रकाराला परिशिष्टात जागा देताना स्त्रीवाद्यांनी विरोध केला तो याच भीतीने. अखेर २०१३ साली तो तीव्र प्रकार, ज्याला 'पीएमडीडी' म्हणतात, मुख्य यादीत आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्याला मुख्य जागा मिळाली ती जननसंस्थेच्या आजारांत, आणि नोंद नैराश्याच्या गटातही झाली. शरीर आणि मन, दोघांच्याही घरी राहायला जागा मिळाली म्हणायची.

आपल्या घरांत मात्र या नावाचा उपयोग वेगळाच होताना दिसतो. बाईने एखादी रास्त तक्रार केली, की कामाचं ओझं एकटीवर पडतं, की साहेब अपमान करतो, तर घरातला कुणीतरी हसत म्हणतो, 'हिचे दिवस जवळ आलेले दिसतात.' झालं, तक्रार निकालात! पूर्वी म्हणायचे स्वभाव, आता म्हणतात हार्मोन. दोन्हींत तिचं म्हणणं ऐकायचं राहूनच जातं. तेव्हा नीट समजून घ्या. राग त्या दिवसांत वाढतो हे खरं असेल, पण रागाचं कारण खोटं असतं असं नाही. एरवी गिळलेली गोष्ट त्या दिवसांत ओठांवर येते, असंही असू शकतं.

ऐकून न घेण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तर ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. राणीताईंच्या पुस्तकाचं नाव 'कानोसा' आहे, ते किती नेमकं आहे. कानोसा घेतल्याशिवाय हे कळलंच नसतं. दुसरं उदाहरण बीडचं. ऊसतोडीच्या कामात एक दिवस बुडला की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या तक्रारींनी बेजार झालेल्या बायकांना सांगितलं गेलं, पिशवीच काढून टाका. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे आकडा आला. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं होतं. त्या सगळ्यांच्या तक्रारी पीएमएसच्या नव्हत्या, हे स्पष्ट आहे. पण आपल्या विषयाशी याचा एक संबंध आहे. गर्भाशय काढलं आणि बीजांडं राहिली, तर रक्तस्राव थांबतो, पण संप्रेरकांचा महिना चालूच राहतो. आधीच्या दिवसांचा त्रास तसाच येत राहतो. आता फक्त तो कधी येणार हे सांगणारी खूण गेलेली असते.

मग उपाय काय? डॉक्टरांनी जे सिद्ध केलं आहे तेवढंच सांगतो. सौम्य त्रासासाठी नियमित व्यायाम, पुरेशी झोप, मीठ आणि चहा-कॉफी बेतात, हे बऱ्याच जणींना उपयोगी पडतं. १९९८ सालच्या एका मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेतलेल्या स्त्रियांची लक्षणं तिसऱ्या महिन्यापर्यंत जवळजवळ निम्म्यावर आली. हे स्वस्त आहे, पण मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विचारांची आणि वागण्याची घडी बदलायला शिकवणारं समुपदेशन उपयोगी पडतं. तीव्र प्रकारासाठी नैराश्यावरची काही औषधं आहेत. १९९५ साली फ्लुओक्सेटिनची चाचणी यशस्वी झाली. यात एक विशेष आहे. नैराश्यात या औषधाला काही आठवडे लागतात, इथे ते काही दिवसांतच काम करतं, आणि अनेकींना पाळीआधीचे दोन आठवडेच घेऊन भागतं. काही प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांचाही उपयोग होतो. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. आपली काकू घेते म्हणून आपण घेतली, असं करू नका. आणि अशोकारिष्ट, शतावरी, हळिवाचे लाडू? ज्यांना बरं वाटतं त्यांनी वैद्यांना विचारून जरूर घ्यावं. पण या विशिष्ट दुखण्यावर त्यांची फ्रँक, डाल्टन, श्मिट यांच्यासारखी कसून परीक्षा व्हायला हवी, असं आम्हाला वाटतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे ऐका. शंभरांतल्या साधारण दोन ते सहा स्त्रियांना तीव्र प्रकार असतो. त्यातल्या काहींच्या मनात त्या दिवसांत जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. पाळी आली की ते विचार ओसरतात, आणि मग तिला स्वतःलाच वाटतं, छे, मीच काहीतरी वेडं बोलले. घरच्यांनाही तसंच वाटतं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तेव्हा ओसरलं म्हणून सोडून देऊ नका. कूपर, राजावाडी यांसारखी महापालिकेची रुग्णालयं आपल्या उपनगरांत आहेत. 'टेलिमानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो, आणि मराठीत बोलता येतं.

आता पुन्हा आपल्या उपनगरांकडे. विटाळ मुंबईत सैल पडला तो फक्त सुधारकांच्या भाषणांनी नव्हे. दहा बाय बाराच्या खोलीत बाजूला बसायला बाजूच कुठे होती? आणि सकाळच्या लोकलला कावळा शिवल्याची सबब चालत नाही. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली मार्गावर पहिली 'लेडीज स्पेशल' सोडली. इतक्या बायका रोज कामाला जात होत्या, की आख्खी गाडी त्यांची करावी लागली. त्याच १९९२ मध्ये बिहार सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली. पुढे २०१७ साली मुंबईतल्या एका कंपनीनेही पाळीच्या पहिल्या दिवसाची रजा दिली. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा धोरणाचा प्रश्न आहे असं सांगितलं, आणि सक्तीच्या रजेमुळे मालक बायकांना कामावर घ्यायलाच टाळतील ही भीतीही बोलून दाखवली. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य आहे. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने बघा, रजा मोजली जाते ती पुन्हा रक्तस्रावाच्या दिवसांपासून. सुश्रुतांपासून आजच्या कंपनीपर्यंत गणना तिथूनच सुरू होते. जिला आधीचे सहा दिवस अवघड जातात, तिची मोजणी अजून झालेलीच नाही.

ही मोजणी करायला फार काही लागत नाही. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि मराठी घरांच्या भिंतीवर तारखांचा मोठा कागद आला. त्या चौकटींत काय काय लिहिलं जातं? दुधाचा खाडा, गॅसची तारीख, मोलकरणीचा पगार. आणि कोपऱ्यात कुणाला कळू नये असं एक छोटं गोल किंवा फुली. ती तारीख बहुतेक घरांतल्या बायका पूर्वीपासून मांडतात. त्याला फक्त जोड द्यायची. रोज रात्री एक अक्षर. बरं गेलं तर 'ब', वाईट गेलं तर 'वा', काय झालं ते दोन शब्दांत. दोन महिने. भिंतीवर नको असेल तर वहीत किंवा मोबाइलमध्ये. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. सासूबाईंनी, नवऱ्याने, मुलाने तो कागद वाचायला शिकायचं. 'हिचे दिवस आले' म्हणून हसायला नव्हे. त्या दिवसांत घरातल्या कामाचा कोणता भार आपण उचलायचा, ते ठरवायला.

न्यायशास्त्रात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आणि आप्त कोण, तर ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनांनी भाष्यात मुद्दाम म्हटलं आहे, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू पडतं. त्या यादीत आपण आपली बायको, सून, लेक, आणि शेजारच्या टेबलावर काम करणारी सहकारी घालू या. स्वतःच्या महिन्याविषयी तिच्याइतकं कुणीच आप्त नाही. फ्रँकना जे कळलं, डाल्टनना जे कळलं, श्मिटना जे कळलं, ते सगळं कुणीतरी 'मला असं होतं' म्हणाली आणि दुसऱ्याने ते लिहून घेतलं म्हणून कळलं.

आम्ही इथे थांबतो. आता प्रश्न विचारा. संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून पाठवा, नाव घालायची गरज नाही. रघुनाथरावांना प्रश्नांची उत्तरं दिली म्हणून कोर्टात जावं लागलं. आपल्याला निदान तेवढी भीती उरलेली नाही.